हुशार मुलाला वाट पाहायला लावणारी शाळा

मूल असामान्य हुशार आहे हे घरात लक्षात आलं, की पहिला प्रश्न शाळेचा निघतो. कुठल्या शाळेत घालायचं? नावाजलेल्या? प्रवेशपरीक्षा घेऊन निवडक मुलं घेणाऱ्या? खास प्रज्ञावंतांसाठी म्हणून चालवलेल्या? की शाळाच नको, घरी शिकवू? नातेवाईक, शेजारी, ओळखीतले शिक्षक, जो तो आपलं मत देतो आणि बहुतेक मतं शाळेच्या नावाभोवतीच फिरत राहतात. मला वाटतं, नावाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी एवढंच पाहावं, की जे या मुलाला आधीपासून येतं तेच पुन्हा शिकण्यात त्याचा दिवसातला किती वेळ जाणार आहे. तो वेळ जिथे कमीत कमी, ती शाळा त्याच्यासाठी योग्य. तो कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त आणि संशोधनानं सगळ्यात जास्त पारखलेला मार्ग म्हणजे ज्या विषयात मूल पुढे आहे, त्या विषयात त्याला पुढच्या इयत्तेचं शिकू देणं. आणि नेमकं हेच करायला बहुतेक शाळा तयार नसतात.

वर्गात काय घडतं ते पाहा. सात वर्षांच्या एखाद्या मुलीला अपूर्णांक समजतात, ऋण संख्या समजतात आणि फळ्यावर दोन अंकी बेरजा चालू आहेत. पहिले काही दिवस ती प्रत्येक प्रश्नाला हात वर करते. 'तुला येतंय गं, बाकीच्यांना सांगू दे,' असं बाई म्हणतात. त्यांचंही चुकत नाही, त्यांच्यापुढे वर्गभर मुलं आहेत. मग ती हात वर करणं सोडून देते. बाकाखाली पुस्तक धरून वाचते, पकडली जाते, ओरडा खाते. त्यानंतर एक तर खोड्या सुरू होतात आणि 'वर्गात लक्ष नसते' असा शेरा घरी येतो, नाहीतर ती गप्प होते, सगळ्यांसारखं दिसायला शिकते. हे गप्प होणं मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. गुण चांगले पडत असतात, तक्रार कुणाचीच नसते, आणि एक मूल वर्षानुवर्षं आपलं डोकं बंद करून बसायचा सराव करत असतं.

लीटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२० आणि १९३० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये अशा मुलांचे वर्ग उभे करून त्यांचा जवळून अभ्यास केला. सरासरी बुद्ध्यंक १०० धरला जातो. १४० बुद्ध्यंकाच्या मुलाचा नेहमीच्या प्राथमिक शाळेत निम्मा वेळ वाया जातो आणि १७० च्या वरच्या मुलाचा जवळजवळ सगळा, असं त्यांनी लिहून ठेवलं. याला आता शतक होत आलं, तरी बहुतेक शाळांचं वेळापत्रक आजही जन्मतारखेवरच बेतलेलं असतं. एका वर्षात जन्मलेली मुलं एका वर्गात, आणि त्या सगळ्यांनी प्रत्येक विषयात एकाच वेगानं चालायचं.

वेळ वाया जातो हे नुकसान आहेच. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे कष्टाशी ओळखच न होणं. ज्या मुलाला सगळं पहिल्या वाचनात येतं, त्याला अडणं म्हणजे काय ते ठाऊक नसतं. गणित सुटत नाही तेव्हा काय करायचं, किती वेळ चिकटून राहायचं, कुणाला विचारायचं, चुकीची वाट सोडून मागे कसं यायचं, या गोष्टी इतर मुलं दुसरी-तिसरीपासून रोज शिकत असतात. हा मुलगा त्या शिकतच नाही. मग पंधराव्या-अठराव्या वर्षी कधीतरी पहिल्यांदा खरोखर अवघड काही समोर येतं आणि त्याला वाटतं, आपली हुशारी संपली. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू चांगली मेहनत घेतलीस' म्हटलं. हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपी कामं पसंत केली, अवघड कोड्यांपुढे अडल्यावर त्यांचा रस उडाला, नंतरची कामगिरी घसरली, आणि आपले गुण दुसऱ्यांना कळवताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. शाळेत सतत सोपंच काम मिळणाऱ्या हुशार मुलाचं दुसरं काय होत असतं? त्याला रोज न कष्टता कौतुक मिळतं. हे कौतुक त्याला घाबरट करतं.

म्हणून पहिली अट अवघडपणाची. मूल ज्या वयाचं असेल त्या वयात, रोज थोडा वेळ तरी, त्याला डोकं खाजवायला लावणारं काही मिळालं पाहिजे. ही चैन नाही, इतर मुलांना जे आपोआप मिळतं तेच यालाही मिळावं एवढीच मागणी आहे.

आता शाळा काय म्हणतात ते ऐकू. मुलाला एखाद्या विषयापुरतं वरच्या इयत्तेत बसू द्या, किंवा एक इयत्ता गाळून पुढे घाला, असं पालकांनी सुचवलं की उत्तरं ठरलेली असतात. बालपण हरवेल. मोठ्या मुलांत एकटं पडेल. आता पुढे गेलं तरी नंतर मागे पडेल. बुद्धी आहे पण मन तेवढं पक्व नाही. ही काळजी खोटी नाही, शिक्षकांना मुलाविषयी खरंच वाटत असतं. पण यातली प्रत्येक गोष्ट तपासून पाहता येते आणि ती तपासून झालेली आहे.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांची युक्ती साधी होती. इयत्तेच्या परीक्षेत अशी सगळी मुलं शंभराच्या आसपास गुण मिळवतात, म्हणून त्यांच्यातला फरक कळतच नाही. कुणी जेमतेम त्या इयत्तेच्या पुढे असतं, कुणी पाच वर्षं पुढे असतं, आणि गुणपत्रिकेवर दोघं सारखेच दिसतात. स्टॅन्ली यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशासाठी असलेली एसएटी परीक्षा द्यायला लावली. तिथे मुलं वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी असलेली स्पष्ट दिसली. या मुलांचा पाठपुरावा पुढे कमिला बेनबो आणि डेव्हिड लुबिन्स्की यांनी चालू ठेवला, पाच हजारांहून अधिक माणसं, अनेक दशकं. सारख्याच क्षमतेची मुलं घेऊन इयत्ता गाळलेल्यांची न गाळलेल्यांशी तुलना केली, तेव्हा पुढे गेलेल्यांमध्ये डॉक्टरेट, पेटंट आणि संशोधनलेखन यांचं प्रमाण जास्त निघालं. आणि मनाचं काय? २०२१ मध्ये याच प्रकल्पातल्या सोळाशेहून अधिक माणसांचा, ती पन्नाशीला आलेली असताना केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेत पुढे गेल्यामुळे त्यांच्या मानसिक स्वास्थ्याला इजा झाल्याचं त्यात कुठेही दिसलं नाही.

ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी १६० आणि त्याहून जास्त बुद्ध्यंकाच्या ६० मुलांना वीस वर्षांहून अधिक काळ पाहिलं. त्यांपैकी ३३ मुलांना संपूर्ण शालेय काळ वयाच्या वर्गातच ठेवलं होतं. एकटेपणा, शिक्षणाविषयी कडवटपणा, मध्येच शिकणं सोडून देणं, हे याच गटात सगळ्यात जास्त आढळलं. दोन किंवा अधिक वर्षं पुढे घातलेल्या मुलांना मात्र बरोबरीचे मित्र मिळाले आणि ती मैत्री टिकली. यात नवल नाही. नऊ वर्षांच्या ज्या मुलाला काळ म्हणजे काय असा प्रश्न छळतो, त्याला समवयस्कांबरोबर खेळता येतं पण बोलता येत नाही. त्याचं एकटेपण पुढे गेल्यानं सुरू होत नाही, ते आधीच सुरू झालेलं असतं. आपण वय सारखं म्हणजे मन सारखं असं धरून चालतो, आणि मुलाला मित्र मिळाले नाहीत की त्याला 'मिसळत नाही' म्हणतो.

विरोधात नेहमी एक नाव घेतलं जातं, विल्यम जेम्स सिडिसचं. १९०९ मध्ये अकरा वर्षांचा असताना तो हार्वर्डमध्ये गेला, सोळाव्या वर्षी पदवीधर झाला, नंतर विद्येच्या जगापासून तुटला, किरकोळ कारकुनी कामं करत राहिला आणि १९४४ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी वारला. ही गोष्ट वाचून कुठल्याही आईबापाच्या पोटात खड्डा पडेल. पण त्याच्या बाबतीत काय काय झालं तेही पाहावं. वडिलांनी त्याला आपल्या शिक्षणपद्धतीचा नमुना म्हणून जगापुढे मांडलं आणि वर्तमानपत्रांनी तो मोठा झाल्यावरही त्याचा पिच्छा सोडला नाही. त्याच काळात हार्वर्डमध्ये नॉर्बर्ट वीनर होता. चौदाव्या वर्षी तो पदवीधर झाला होता, अठराव्या वर्षी डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे सायबरनेटिक्स हे यंत्रांतलं आणि सजीवांतलं नियंत्रण व संदेशवहन अभ्यासणारं शास्त्र त्यानं उभं केलं. वीनरचंही बालपण सोपं नव्हतं, वडील कमालीचे कडक होते. तरी एका सिडिसवरून सगळ्या मुलांना थांबवायचं, तर एका वीनरवरून सगळ्यांना पळवायलाही हवं. दोन्ही वेडेपणाच. एकेका चरित्रावरून धोरण ठरत नाही, हजारो मुलांना अनेक वर्षं पाहून जे दिसतं त्यावरून ते ठरावं.

अर्थात पुढे घालणं म्हणजे ढकलणं नव्हे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाशी निगडित अभ्यासकांनी इयत्ता गाळण्याचा निर्णय घेण्यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. तिच्यात बुद्धीबरोबर हाताचं वळण, शरीराची चण, खेळातली आवड, ज्या वर्गात जायचं तिथल्या शिक्षकांचं मत, असं बरंच काही विचारात घेतात. त्यातल्या दोन अटी मला फार शहाणपणाच्या वाटतात. ज्या वर्गात मुलाचं सख्खं भावंड आहे त्या वर्गात त्याला घालायचं नाही. आणि मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर विषय तिथेच संपवायचा. किती घरांत, किती शाळांत मुलाला हा प्रश्न विचारला जातो? आईवडील बोलतात, मुख्याध्यापक बोलतात, आणि मूल बाहेर बाकावर बसलेलं असतं.

इयत्ता गाळणं हा एकमेव उपायही नाही. २००४ मध्ये आयोवा विद्यापीठातून निघालेल्या अहवालात मुलाला पुढे नेण्याचे १८ प्रकार दिले होते: शाळेत लवकर प्रवेश, एकाच विषयात पुढे जाणं, दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका वर्षात पुरा करणं, शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय घेणं, आणि असे बरेच. माझा स्वतःचा कल यातल्या विषयवार पुढे जाण्याकडे आहे, कारण बुद्धी सगळीकडे सारखी नसते. रामानुजनचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण शाळेच्या प्रश्नात त्याचा अर्थ क्वचित लावला जातो. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तो शिष्यवृत्ती घेऊन गेला आणि गणितात बुडून गेल्यामुळे इतर विषयांत नापास होऊन ती शिष्यवृत्ती गमावून बसला. नंतर मद्रासच्या कॉलेजातही तेच झालं. सगळ्या विषयांना एकच उंबरठा लावणाऱ्या व्यवस्थेला अशा मुलाचं काय करावं ते कळत नाही. गणितात चौदा वर्षांच्या मुलासारखं, भाषेत दहाच्या आणि हस्ताक्षरात सातच्या मुलासारखं असलेलं मूल हे बिघडलेलं मूल नव्हे. प्रज्ञावंत मुलं बहुतेकदा अशीच असमान वाढतात.

पुढे थोर गणितज्ञ झालेल्या टेरेन्स टाओच्या आईवडिलांनी हे ओळखलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधला हा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना त्यांनी त्याला शाळेत घालून पाहिलं. जमलं नाही, तर काही आठवड्यांत काढून घेतलं आणि योग्य वयाची वाट पाहिली. पुढे त्याच्यासाठी त्यांनी शोधली ती लवचीक शाळा. तिथे तो वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळ्या इयत्तांत बसायचा. आठ वर्षांचा होण्याआधीच गणितापुरता तो माध्यमिक शाळेत जाऊ लागला, बाकीचा दिवस प्राथमिक शाळेत. दहाव्या वर्षी, १९८६ मध्ये, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये त्याला कांस्यपदक मिळालं, पुढच्या वर्षी रौप्य, १९८८ मध्ये सुवर्ण. २००६ मध्ये फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान. पदकांपेक्षा त्यांच्या पद्धतीकडे पाहा: पाऊल पुढे टाकायचं, नीट बसतंय का पाहायचं, बसत नसेल तर मागे घ्यायचं. हे करायला सामान्य शाळेतला एक समंजस मुख्याध्यापक पुरला. असा टाओ लाखात एकही निघत नाही हे खरं, पण पद्धत कुठल्याही मुलाला लागू पडते.

मग खास प्रज्ञावंतांच्या शाळांचं काय? त्यांची ओढ मला समजते. आपल्यासारखं बोलणारी, आपल्या प्रश्नावर हसण्याऐवजी पुढचा प्रश्न विचारणारी मुलं पहिल्यांदा भेटणं हा अशा मुलाच्या आयुष्यातला फार मोठा आनंद असतो. हॉलिंगवर्थनी हेही पाहिलं होतं की साधारण १५५ बुद्ध्यंकापर्यंतची मुलं वयाच्या मुलांत बऱ्यापैकी रमतात, त्याच्या वर गेल्यावर एकटेपण वाढत जातं. त्या टोकाच्या मुलांसाठी वेगळा वर्ग, वेगळी शाळा किंवा सुट्टीतली दीर्घ शिबिरं यांची गरज आहे. पण हुशार मुलांपैकी फार थोडी त्या टोकाला असतात. बाकीच्यांच्या बाबतीत निवडक शाळेकडून ठेवलेल्या अपेक्षा बऱ्याचदा फोल ठरतात. बॉस्टन आणि न्यूयॉर्क इथल्या प्रवेशपरीक्षेच्या नामवंत सरकारी शाळांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जोशुआ अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी प्रवेशाच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्या मुलांची तुलना केली. ही मुलं क्षमतेनं जवळजवळ सारखी, फरक एवढाच की काहींना प्रवेश मिळाला आणि काहींचा थोडक्यात हुकला. पुढच्या परीक्षांमधल्या कामगिरीत दोघांत फारसा फरक निघाला नाही. शाळेचं यश म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं बरंचसं मुलांनी प्रवेशाच्या दिवशीच सोबत आणलेलं असतं.

दुसरी बाजू मनाची आहे. हर्बर्ट मार्श आणि किट-टाय हाऊ यांनी २००३ मध्ये २६ देशांतल्या एक लाखाहून अधिक पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली. सारख्याच क्षमतेची दोन मुलं घेतली, तर जास्त निवडक शाळेतल्या मुलाचा स्वतःच्या अभ्यासातल्या ताकदीवरचा विश्वास कमी असतो, हे जवळजवळ प्रत्येक देशात दिसलं. मूल स्वतःला जगाशी मोजत नाही, शेजारच्या बाकाशी मोजतं. काही मुलांना हा धक्का मानवतो, आपणच सगळ्यात हुशार नाही हे लवकर कळणं त्यांच्या भल्याचंच असतं. काहींना तो मोडून टाकतो. आपलं मूल यातल्या कुठल्या प्रकारचं, हे शाळेची माहितीपुस्तिका वाचून कळणार नाही, मुलाकडे पाहूनच कळेल.

निवडक शाळांवरचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे: निवड कोण करतं आणि कुणाची होते? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो, पण ते पाहायला कुणीतरी पाळण्याशी उभं असावं लागतं. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दीड हजार अतिहुशार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास सुरू केला. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांनीही त्या वेळी चाचणी दिली होती, दोघंही गाळले गेले. पुढे दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. टर्मन यांनी निवडलेल्यांपैकी ते एकालाही मिळालं नाही. एका दिवसाच्या एका चाचणीवर मुलाची दारं उघडायची किंवा बंद करायची, यात किती मोठी चूक होऊ शकते ते यावरून दिसतं.

त्याहून गंभीर गोष्ट फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात उघड झाली. तिथे हुशार मुलांच्या कार्यक्रमासाठी पालक किंवा शिक्षक ज्यांची नावं सुचवतील त्यांचीच चाचणी होत असे. २००५ मध्ये त्यांनी दुसरीच्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो यांनी त्याचा परिणाम मोजला. निवडलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ८० टक्क्यांनी वाढलं, हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक वंशाच्या, मुलांचं १३० टक्क्यांनी. ही मुलं त्या वर्षी अचानक हुशार झाली नव्हती. ती आधीही त्याच वर्गांत बसत होती, फक्त त्यांच्याकडे बघून कुणाला 'हे मूल वेगळं आहे' असं वाटलं नव्हतं, आणि त्यांच्या आईवडिलांना मागणी करायची असते हे माहीत नव्हतं. पुढे पैसे नाहीत म्हणून ती सार्वत्रिक चाचणी बंद झाली आणि वाढलेलं प्रमाणही ओसरलं. हा अभ्यास वाचला की योग्य शाळेची निवड हा फक्त सुजाण आईबापांचा खासगी प्रश्न राहत नाही. ज्या मुलांचे आईबाप शाळेची निवड करू शकत नाहीत, त्यांची हुशारी कोण पाहणार?

दिसत नाहीत अशी आणखी काही मुलं आहेत. तल्लख बुद्धीबरोबर डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, किंवा लक्ष एकाग्र करण्यातली अडचण असलेली. त्यांची हुशारी अडचणीला झाकते आणि अडचण हुशारीला, आणि दोन्ही झाकून जे उरतं ते साधारण मूल दिसतं. वाचायला कष्ट पडत असूनही साठ टक्के मिळवणाऱ्या मुलाचं डोकं किती चालत असेल, हा विचार क्वचितच केला जातो. अशा मुलाला आधी अडचण दूर करू आणि मग हुशारीचं पाहू असं म्हणून चालत नाही. वाचनाला मदत आणि विचाराला आव्हान, दोन्ही एकाच वेळी लागतं.

घरी शिकवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. काही कुटुंबांना ते उत्तम जमतं, विशेषतः शाळेनं मूल अगदी मिटून गेलेलं असेल तेव्हा. पण त्यासाठी घरात एका मोठ्या माणसाचा पूर्ण दिवस लागतो, आणि आईवडील हेच शिक्षक, परीक्षक आणि प्रेक्षक झाले की मुलाला लपायला जागा उरत नाही. ही वाट थोड्यांची आहे, तिला सगळ्यांचं उत्तर समजू नये.

मग शाळेत जाऊन विचारायचं काय? इमारत, प्रयोगशाळा, निकाल हे दिसतंच. विचारायचं ते हे: मागच्या वर्षांत तुम्ही कुठल्या मुलाला एखाद्या विषयासाठी वरच्या वर्गात बसू दिलंत का? त्याचं पुढे काय झालं? एखादा धडा शिकवण्याआधीच ज्या मुलाला तो येतो, त्याला तुम्ही काय देता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'आणखी गणितं देतो' असं आलं तर सावध व्हावं. लवकर काम संपवल्याची शिक्षा म्हणून त्याच प्रकारचं जादा काम मिळतं हे कळलं, की मुलं मुद्दाम सावकाश काम करू लागतात. 'तो इतरांना शिकवतो' हेही पुरेसं उत्तर नाही. कधीमधी ते छान असतं, पण शाळेत मूल स्वतः शिकायला येतं. 'आमच्याकडे प्रकल्प असतात, उपक्रम असतात' हे उत्तर बरं, पण आठवड्यातून एक तास केलेला रंजक उपक्रम उरलेल्या सगळ्या तासांच्या रटाळपणाची भरपाई करत नाही.

आणि शिक्षक पाहावेत. बेंजामिन ब्लूम यांनी १९८५ मध्ये पियानोवादक, शिल्पकार, गणितज्ञ, मेंदूशास्त्रज्ञ, जलतरणपटू, टेनिसपटू अशा आपापल्या क्षेत्रात शिखरावर पोचलेल्या १२० तरुण माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा, विशेषतः संगीत आणि खेळातल्यांचा, पहिला शिक्षक फार मोठा तज्ज्ञ नव्हता. तो प्रेमळ होता, त्यानं त्या विषयाची गोडी लावली. कडक, काटेकोर, तज्ज्ञ शिक्षक पुढे आले, गोडी पक्की झाल्यावर. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी नामवंत शिकवणी शोधणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. त्या वयात हसून 'बघू या का?' म्हणणारी साधी बाई एखाद्या पदकविजेत्या प्रशिक्षकापेक्षा जास्त उपयोगाची.

आता राहिला सगळ्यांचा प्रश्न. बहुसंख्य हुशार मुलं कायम सामान्य शाळांतच शिकणार आहेत. म्हणून सरकारांनी आणि शिक्षणसंस्थांनी आपला पैसा आणि लक्ष मोजक्या स्वतंत्र शाळांपेक्षा सामान्य शाळेच्या लवचीकपणावर लावावं, असं माझं ठाम मत आहे. २०१६ मध्ये सायिंग स्टीनबर्गन-हू, मॅथ्यू मेकेल आणि पॉला ओल्शेव्स्की-कुबिलियस यांनी क्षमतेनुसार गट करणं आणि पुढे घालणं याविषयीच्या शंभर वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. संपूर्ण तुकड्याच हुशार आणि कच्च्या अशा वेगळ्या करण्याचा फायदा जवळजवळ शून्य निघाला. विषयापुरते, इयत्ता ओलांडून केलेले गट आणि मुलाला पुढे जाऊ देणं, यांचा फायदा मात्र दिसून आला.

इयत्ता ओलांडणारे गट ही काही अशक्य कल्पना नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जॉप्लिन नावाच्या गावात १९५० च्या दशकात चौथी, पाचवी आणि सहावीचा वाचनाचा तास एकाच वेळी ठेवला गेला. त्या तासाला मुलं आपली इयत्ता सोडून ज्या पातळीचं वाचन त्यांना जमतं त्या खोलीत जात, आणि तास संपला की आपापल्या वर्गात परतत. पुढे असलेली मुलं पुढे गेली, मागे असलेल्यांना त्यांच्या पातळीचं शिकायला मिळालं, आणि बाकीचा दिवस सगळी आपल्या वयाच्या मित्रांत राहिली. नवी इमारत लागली नाही, वेगळी शाळा लागली नाही. गणितासाठी हेच करायचं तर मुख्याध्यापकांना वेळापत्रक पुन्हा आखावं लागेल. शिक्षकांना एकमेकांशी बोलून दर काही आठवड्यांनी मुलांची पातळी पाहावी लागेल, म्हणजे एकदा ठरलेला गट मुलाला कायमचा चिकटणार नाही. आणि शिक्षणखात्याला 'या वयाचं मूल याच इयत्तेचं गणित शिकेल' असा नियम कुठे असेल तर तो शिथिल करावा लागेल. पालकसभेत मागणी करायची तर या तीन गोष्टींची करावी, आणि ती फक्त आपल्या मुलासाठी न करता शाळेतल्या सगळ्या मुलांसाठी करावी.